ड्यूकसाठी भरलेली गादी

साहेबांची मोटार फाटकातून आत आली तेव्हा आम्ही तिघं आणि त्यांचा कुत्रा अंगाला शेण लावून उन्हात वाळत उभे होतो.

साहेब उतरले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. आम्ही होतो तिथंच होतो.

"हे काय आहे?"

माझे घरधनी हात फाकवून उभे. बोललं तर गालावरचं शेण फुटेल म्हणून त्यांनी नुसते डोळे हलवले. (वाळायच्या आधी फुटलं तर परत लावायला लागेल, अशी आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, ताकीद होती!)

"आणि ड्यूक? ड्यूक कुठे आहे?"

आमच्यातला जो चार पायांवर उभा होता त्याने शेपूट हलवलं. शेपटीवरचे पोपडे उडाले आणि साहेबांच्या पांढऱ्या पाटलोणीवर जाऊन बसले.

साहेब मुंबईचे बॅरिस्टर. खंडाळ्याला घाटाच्या तोंडाशी त्यांचा बंगला, आणि माझे घरधनी त्या बंगल्याचे माळी आणि राखणदार. मागच्या अंगाला आम्हाला राहायला खोल्या दिलेल्या. नोकरी गेली की खोल्याही जाणार, हे सांगायला नको.

ड्यूक विलायती. वासराएवढा, पांढराशुभ्र. मी डोंगराकडच्या भाजे गावची. आमच्या गावात कुत्रं म्हणजे उकिरड्यावरचं, दगड उचलला की पळणारं. हा मोटारीतून उतरला तेव्हा मी डोक्यावर पदर घेतला. खरं सांगते! कुणी मोठा पाहुणा आला असंच वाटलं मला. तो माझ्याकडे एकदा बघून पुढे गेला, तेव्हा आपली ओळख झाली याचं मला फार भारी वाटलं.

एवढं देखणं जनावर, पण खाजवायचं सारखं. पोटाखाली आणि कानामागं लालभडक चट्टे. जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं होतं, मुंबईची दमट हवा याच्या कातडीला सोसत नाही, डोंगरावर ठेवा. म्हणून साहेबांनी तो आमच्या हवाली केला. सोबत मलमाची डबी, आणि एक वाक्य:

"हा मला मुलासारखा आहे. याला काही झालं तर तुम्ही इथे दिसायचं नाही."

थंडीचे दिवस होते. कोरडी हवा, डॉक्टरचं मलम, आणि ड्यूकची कातडी चक्क सुधारली. केस भरून आले. सगळं छान चाललं होतं, म्हणून मला अक्कल सुचली.

त्याची मुंबईची गादी मला काही बरी दिसेना. वास यायचा, पिसवा पण असतील. म्हटलं, एवढ्या मोठ्या कुत्र्याला आपल्या हातची गादी करू. बंगल्यामागच्या उतारावरचं वाळलेलं गवत विळ्याने कापलं, त्यात गुंतलेल्या वेलीबिली तशाच ठेवल्या, सगळं तरटात कोंबलं आणि वरून जुन्या लुगड्याचं पटकूर शिवलं. ड्यूक त्यावर बसला. माझ्याकडे बघून डोळे मिटले. मला तर भरूनच आलं!

सकाळी त्याने खाजवायला जी सुरुवात केली, तसं खाजवणं मी पुन्हा जन्मात बघितलं नाही. मागच्या पायाने कान खाजवायला लागला की पाय व्हरांड्याच्या फरशीवर असा आपटायचा की वाटावं, घाटातून गाडी चढते आहे. पाठ घासून घासून त्याने खांबाचा रंग काढला. मोठ्या जनावराचं सगळंच मोठं!

"आवं, साहेबांनी बघितलं तर?" मी म्हणाले.

"बघायच्या आत बरा करू," घरधनी म्हणाले. "त्यात काय! लिंबाचा पाला उकळ."

कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली. घासून घासून घातली. वाढलं. मग करंजाच्या तेलात गंधक खलून चोळलं. आणखी वाढलं. मग ताक लावलं. ताक त्याने चाटून टाकलं आणि आणखी मागितलं. आणि प्रत्येक उपाय झाला की आम्ही त्या दमलेल्या बिचाऱ्याला उचलून कुठं झोपवायचो? माझ्या गादीवर!

मग घरधनी खाजवायला लागले. पाठोपाठ मी. दिवा लावताना, भाकरी थापताना, पाणी भरताना, हात रिकामा झाला की खाजवायला. समोरासमोर बसून एकमेकांची पाठ खाजवत होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण इतकं जवळ आम्ही कधी बसलो नव्हतो.

शेजारच्या बंगल्याचे खानसामे बाबूभाई आमचं चाललेलं बघून कुंपणावरून म्हणाले, "वैनी, ही खरूज हाय. लागट असती. आमच्या मेमसाहेबाच्या मांजराला झालती, त्यांनी मांजर दिलं सोडून, आन नोकर पन."

"नोकर कशापायी?"

"मांजर सांभाळलं न्हाई म्हनून! तुमचे साहेब कवा येनार?"

"आज येतील न्हाईतर उद्या."

"मग हटा बाजूला," असं म्हणून बाबूभाई कुंपण ओलांडून आले. त्यांच्याकडे कापराचं तेल होतं. "मी मुंडी धरतो, तुमी लावा," म्हणाले आणि ड्यूकचं डोकं मांडीवर घेऊन ऐसपैस बसले. माझ्याच गादीवर.

तेल लावून व्हायच्या आत बाबूभाई उभे राहिले. मग उडाले. मग म्हणाले, "या अल्ला! इतक्या लवकर लागती व्हय ही खरूज?"

तेवढ्यात आत्याबाई आल्या. वलवणला लेकीकडे राहायला गेल्या होत्या. डोक्यावरचं गाठोडं खाली न ठेवता त्यांनी आधी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग उड्या मारणाऱ्या बाबूभाईंकडे, मग कुत्र्याकडे. काठीच्या टोकाने गादी उचलून व्हरांड्याच्या पायरीवर उन्हात टाकली. गादीतून बारीक सोनेरी लव उडाली. दिसायला फार सुंदर होती.

"ही गादी कुनी भरली?"

"मी."

"गवत कुटलं?"

"मागच्या उतारावरचं."

"भाज्याची ना गं तू? डोंगराच्या पोटाला जन्मलीस, आन खाजकुइलीची श्येंग तुला वळखंना?"

खाजकुइलीची वाळलेली शेंग मला ओळखू येईना! तिच्यावरची लव अंगाला लागली की माणूस कपडे फाडतो, हे मला चालायच्या आधी कळलं होतं. गवताबरोबर तिच्या वेली मी नीट दाबून दाबून भरल्या होत्या, कुत्र्याला मऊ लागाव्यात म्हणून.

"पानी लावलं का?"

"रोज आंघोळ घातली. चोळून."

"चोळून!" आत्याबाईंनी गाठोडं खाली ठेवलं. "म्हंजी व्हती न्हवती ती समदी आत घातली. चला, उनात उभं ऱ्हावा. गाईचं श्यान आना. वाळलं की पोपड्याबरुबर लव निघती."

त्यांनी पहिल्यांदा सारवला तो कुत्रा. मला वाटलं, चावेल. पण ड्यूक चारी पाय रोवून असा उभा राहिला, जसा देवाच्या पालखीपुढचा घोडा. ना गुरगुर, ना हालचाल. आम्ही मात्र कुरकुरलो. बाबूभाई म्हणाले, "मावशी, दाढीला नगं," आणि दाढीलाच लागलं.

आणि मोटार आली.

"खुळावलात का तुम्ही सगळे?" साहेब ओरडले. लाल झाले होते. "मुलासारखा कुत्रा सोपवला, आणि त्याची ही दशा! संध्याकाळपर्यंत खोल्या रिकाम्या करा!"

घरधन्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. गालावरच्या शेणात त्याला वाट पडली. मला रडताही येईना, माझं तोंड पुरतं वाळलं होतं.

साहेबांनी पाटलोणीवरचे पोपडे रागाने झटकले. बसायला म्हणून ते पायरीकडे वळले.

"आवं सायेब, तितं नगा बसू!" आत्याबाई म्हणाल्या.

"गप्प बसा!"

आत्याबाई गप्प बसल्या. साहेबही बसले.

पुढचं जे झालं ते आठवलं की मी अजून हात जोडते. आधी साहेबांच्या चेहऱ्यावर नवल आलं. मग ते विचारात पडले. मग जागच्या जागी सरकले. तेवढं करायला नको होतं, पाटलोण पातळ होती! आणि मग तो कोर्ट गाजवणारा माणूस जो उठला, तो सरळ गुलाबाच्या ताटव्यापलीकडे उतरला. एवढी उडी मी माकडाचीही बघितली नाही. ड्यूकसुद्धा वळून बघत राहिला, आणि त्याच्या नजरेत मला मोठा आदर दिसला.

"काय आहे हे? अरे, काय आहे हे?"

"सांगत व्हते," आत्याबाई म्हणाल्या. "श्यान उरलंय. लावायचं का?"

साहेबांनी एकदा ड्यूककडे बघितलं. मघापासून त्याने एकदाही खाजवलं नव्हतं. पोपडे सांडत तो उघड्या फरशीवर जाऊन आडवा झाला आणि घोरायला लागला. साहेब मुकाट्याने न्हाणीघरात गेले. माझे घरधनी पाटी घेऊन मागोमाग. आत्याबाई दाराबाहेर पाठ करून उभ्या राहिल्या आणि तिथून हुकूम सोडत राहिल्या.

"पातळ नगं लावूस! भित सारवतो तसं लाव! आन कोपरं सोडू नगं!"

आतून साहेबांचा आवाज आला, बारीक. "आजी, अजून किती वेळ?"

"वाळंस्तवर. हलू नगा."

आणि बॅरिस्टर हलले नाहीत! मी आयुष्यात कलेक्टर लांबून बघितला आहे, पण सत्ता म्हणतात ती मी त्या दिवशी न्हाणीघराच्या दारात बघितली.

जेवण साहेबांनी उभ्यानेच केलं. घरधन्यांनी भीत भीत विचारलं, "साहेब, खोल्यांचं काय?"

"राहू दे खोल्या. पण मी उडी मारली हे मुंबईला कळता कामा नये."

"न्हाई कळनार साहेब."

नाही कळलं. ड्यूक बरा झाला आणि खंडाळ्यालाच म्हातारा होऊन गेला. साहेब गेले, आत्याबाई गेल्या, बाबूभाई गेले, माझे घरधनीही गेले. त्या दिवशी शेण लावून उभे होते त्यांतली मी एकटी अजून जिवंत आहे, आणि घरात मला कुणी उशीसुद्धा भरू देत नाही.