रांगेच्या मागून आलेला आवाज

असे अनुभव मीही वाचते, पण वाचता वाचता मनात कारणं शोधत असते. याला ताप असेल, तिला डुलकी लागली असेल, उरलेलं नंतर जोडलं असेल... चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत मी रिस्कचं काम करते. शंका घेण्याचाच पगार मिळतो मला. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. तरी लिहिते, कारण हे ज्यांच्याबद्दल आहे त्यांची आठवण कुठेतरी राहायला हवी.

आम्ही बरीच वर्षं सिंगापूरला, बिशानमध्ये राहतो. मोठ्या ओहोटीच्या रविवारी मी चांगीच्या किनाऱ्यावर व्हॉलंटियर गाइड म्हणून जाते. त्या वेळी पाणी खूप आत जातं आणि समुद्राचा तळ उघडा पडतो – समुद्रगवत, तारामासे, ताटाएवढी समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी. लोकांना ते दाखवायचं, पाय कुठे ठेवायचा नाही ते सांगायचं, आणि हे सगळं का जपायचं ते समजवायचं. इथेच जन्मलेल्या माणसांनाही माहीत नसतं, की आपल्या एअरपोर्टच्या शेजारी एवढं काही जगतंय.

विद्याकाकूंना तिथे मीच पहिल्यांदा नेलं. पुण्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून त्या रिटायर झालेल्या. काका गेल्यावर मुलाकडे, निखिलकडे, इथे तोआ पायोहला आल्या. एका गणपतीच्या कार्यक्रमात ओळख झाली तेव्हा मी सहज विचारलं, "काकू, दिवसभर काय करता?"

"लिफ्टचा आवाज ऐकते गं," त्या म्हणाल्या. "कोण वर गेलं, कोण खाली आलं..."

पुढच्याच ओहोटीला मी त्यांना घेऊन गेले. पायात सुनेचे जुने बूट, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. समुद्रकाकडी नावाच्या एका जिवापाशी त्या उकिडव्या बसल्या त्या उठेचनात. जवळ जाऊन बघते तर डोळ्यांत पाणी. "आयुष्यभर फळ्यावर काढून दाखवलं गं हे. जिवंत आज बघतेय."

त्यानंतर त्यांनी एकही फेरी चुकवली नाही. वर्षभरात त्या स्वतः गाइड झाल्या. बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत शेजारच्या चिनी, मलय म्हाताऱ्यांना गोळा करून चित्रं काढून समजवायच्या आणि पुढच्या रविवारी त्यांनाच किनाऱ्यावर आणायच्या. मी रांगेच्या पुढे, काकू मागे. "नो टच, ओन्ली सी!" हे त्यांचं इंग्रजी. रंगात आल्या की सरळ मराठीत – "खाली बघा, खाली बघा, जीव आहे!" आणि गंमत म्हणजे लोकांना ते कळायचं. पाय तिथल्या तिथे थांबायचे.

मग निखिलची नोकरी गेली. दुसरी वेळेत मिळाली नाही. नोकरीबरोबर त्याचा पास, म्हणजे इथे काम करायचा परवाना, गेला, आणि त्याच्या पासवर सगळ्यांचं राहणं अवलंबून. काही आठवड्यांत घर आवरून ते पुण्याला निघाले. एअरपोर्टवर काकू माझा हात धरून म्हणाल्या, "पुण्यात समुद्र नाही, त्याला कोण काय करणार? पण जीव लागला होता गं इथे. काम अर्धंच राहिलं."

पुण्याला गेल्यावर वर्षाच्या आतच त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा पूर्ण बंद झाली. शाळेचे वर्गच्या वर्ग एका आवाजात गप्प करणाऱ्या बाई... मी व्हिडिओ कॉल करायचे. त्या नुसत्या बघायच्या. एकदा किनाऱ्याचे फोटो दाखवले तर इतक्या रडल्या, की त्यांची सून केतकी म्हणाली, "मेघना, नको दाखवूस."

आता त्या रविवारचं सांगते. सकाळची वेळ, लख्ख ऊन. त्या दिवशी रांगेच्या मागे चालणारी व्हॉलंटियर आयत्या वेळी आजारी पडली, म्हणून गाइड मी एकटीच. ग्रुपमध्ये सगळे इथलेच लोक, मराठी तर सोडाच, भारतीयही कोणी नव्हतं. रांगेत सगळ्यात शेवटी हुई मिन नावाची एक शाळाशिक्षिका आणि तिचे वडील. वडील चांगले म्हातारे, पण उत्साही.

फेरी संपत आली होती, पाणी परत चढायला लागलं होतं. मी सगळ्यांना किनाऱ्याकडे वळवत होते, तेवढ्यात मागून हुई मिनची किंकाळी ऐकू आली. पळत गेले. तिचे वडील वाट सोडून चिखलात उतरले होते. वरून घट्ट दिसतो, पण आत पाय ओढून घेतो तो चिखल. एक पाय मांडीपर्यंत आत, तोल पूर्ण गेलेला. पाठीमागे धारदार शिंपल्यांनी भरलेला खडक होता, त्यावरच डोकं आपटलं असतं. हुई मिनने दोन्ही हातांनी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता, म्हणून ते पडले नव्हते. आम्ही पाच-सहा जणांनी मिळून त्यांना ओढून बाहेर काढलं.

वाळूवर बसल्यावर हुई मिन म्हणाली, "दॅट आंटी, व्हेअर डिड शी गो? मला तिला थँक यू म्हणायचंय."

"कुठली आंटी?"

"माझ्या मागून येत होती ती. मी फोटो काढत पुढे गेले होते, बाबा मागे राहिले ते कळलंच नाही. ती एकदम ओरडली म्हणून मी मागे वळले. दिसली नाही, पण आवाज अगदी जवळून आला. काहीतरी तमिळमध्ये म्हणाली."

"काय म्हणाली?"

ती चाचपडत म्हणाली, "आजोबा... समथिंग... हाथ दरा. हाथ दरा. दोन-तीनदा. व्हॉट डज इट मीन, अह?"

मी तिला अर्थ सांगितला. भाषा तमिळ नाही, हेही सांगितलं. मागे कोणी नव्हतं, हे मात्र मला सांगता आलं नाही.

सगळ्यांना निरोप देऊन बस स्टॉपवर आले तेव्हा केतकीचे मिस्ड कॉल दिसले. मी फोन लावला. ती रडत होती.

"आई गेल्या, मेघना. आत्ताच, सकाळी. आणि जायच्या आधी बोलल्या गं! इतक्या महिन्यांनी, अगदी स्पष्ट."

"काय बोलल्या?"

"'आजोबांचा हात धरा.' ओरडल्याच. मी स्वयंपाकघरातून पळत गेले. पुन्हा तेच म्हणाल्या, आणि मान टाकली. आमच्याकडे कुठले गं आजोबा? कोणाला म्हणत होत्या, कळलंच नाही."

माझ्यासमोरून दोन बस निघून गेल्या. मी बसूनच राहिले.

तेरावं झाल्यावर निखिलला फोनवर सगळं सांगितलं. सांगावं की नाही, हे ठरवायलाच तितके दिवस गेले. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "रोज ऑफिसला जायच्या आधी तिच्यासमोर बसायचो, मेघना. म्हणायचो, आई, फक्त नि म्हण. पूर्ण नाव नको, नुसतं नि. ती प्रयत्न करायची, तोंडातून लाळ यायची, मग मीच म्हणायचो, राहू दे." मग त्याने विचारलं, "त्या बाईला आणखी काही ऐकू आलं का? एखादं नाव वगैरे?"

मी हुई मिनला पुन्हा विचारलं. तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. नाही म्हणाली. मी निखिलला तसंच कळवलं.

"म्हणजे तिला बोलता येत होतं," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

काही महिन्यांनी एका इंटरव्ह्यूसाठी तो इथे आला. ओहोटीचा रविवार गाठूनच आला होता. रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. मी पुढून लोकांना समुद्रफुलं दाखवत होते आणि मधून मधून वळून बघत होते. तो खाली बघत नव्हता, समुद्राकडेही नाही. मान किंचित कलती करून नुसता चालत होता, हलक्या आवाजात कोणी बोलत असलं की आपण चालतो तसा.

पाणी चढायला लागल्यावर सगळे परत फिरले. तो तिथेच थांबला. घोट्यापर्यंत पाणी आलं तेव्हा मी जाऊन त्याच्या दंडाला हात लावला.

"काही नाही," तो म्हणाला. "नुसता विमानांचा आवाज."

कारण मी अजूनही शोधतेय. हुई मिनच्या कानाला भास झाला म्हणावं, तर शब्द तेच कसे? योगायोग म्हणावा, तर तिला न येणाऱ्या भाषेत? तुमच्यापैकी कोणाकडे उत्तर असेल तर मला सांगा. निखिलला मात्र सांगू नका. त्याला कारण नको होतं, आईच्या तोंडून नुसतं 'नि' ऐकायचं होतं. तो इंटरव्ह्यू पास झाला होता, पण त्याने ती नोकरी घेतली नाही.