माझीच सलामी संपेना

"कपाळ टेक," शुभदाताई म्हणाली.

मी मोठ्या ढोलाच्या कातड्याला कपाळ टेकलं.

"असं नाही. नाक पण. वास घे, तुझ्या ओळखीचा असेल."

बँडच्या खोलीत सगळ्या हसल्या. मग पलीकडच्या बाजूने तिने दांडा हाणला. डोक्यात आवाज शिरतो म्हणजे काय, ते ज्याने असा टोला खाल्लाय त्यालाच कळेल. दात खुळखुळतात. कानात कितीतरी वेळ शिट्टी वाजत राहते.

घाटकोपरची आमची मुलींची शाळा. तिथे बँडमध्ये असणं म्हणजे मोठा मान. नवी मुलगी आली की तिला ही सलामी द्यावीच लागायची. कपाळ टेकायचं, एक टोला खायचा, रडायचं नाही. मग लीडर, म्हणजे दहावीतली शुभदाताई, तिच्या कमरेला लाल पट्टा बांधायची, गळ्यात हात टाकायची आणि म्हणायची, "आता तू आमची." त्यानंतर सगळ्या एका डब्यातून खायच्या. खोटं कशाला बोलू, मला त्या डब्यासाठी जायचं होतं.

मी आठवीत होते. राहायला गोवंडीला. बाबा देवनारच्या कत्तलखान्यात कातड्यांना मीठ लावायचे. आम्ही चांभार. बाईंनी भर वर्गात विचारलं, वडील काय करतात, आणि मी खरं सांगून मोकळी झाले. बावळट होते, दुसरं काय.

त्या पहिल्या टोल्यानंतर मला पट्टा मिळाला नाही. शुभदाताई म्हणाली, "तू डोळे मिटलेस. पुढच्या शनिवारी परत." पुढच्या शनिवारी म्हणाली, "दचकलीस." नंतर तिने कारण सांगणंच बंद केलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की प्रॅक्टिस, आणि प्रॅक्टिसच्या आधी माझी सलामी. साइड ड्रम मी चांगला वाजवायचे. पण बिनपट्ट्याची. डबा उघडला की मी नळावर पाणी प्यायला जायचे. जा असं कुणी म्हणायचं नाही. माझी मीच जायचे.

राग यायचा नाही. काहीच यायचं नाही. वाटायचं, आपलंच चुकतंय. घरी आरशासमोर उभी राहून डोळे न मिटण्याची प्रॅक्टिस करायचे. आई म्हणायची, "काय गं, वेडबिड लागलं का?" मी सांगायचे, बँडचं आहे. मग ती खूश. पोरगी सव्वीस जानेवारीला बँड वाजवणार, असं तिने अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं. माझा कान दुखायचा तेव्हा ती कोमट तेल घालायची. कशाने दुखतो ते मी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर मेधा आली. सातवीतली, डॉक्टरांची मुलगी. तिने कपाळ टेकलं. शुभदाताईने दांडा नुसता लावल्यासारखा केला. मेधा दचकली, तिने डोळे मिटले, वर भोकाड पसरलं. सगळ्या धावल्या. कुणी डोळे पुसले, कुणी पाणी आणलं. शुभदाताईने पट्टा बांधला. "आता तू आमची." डबा उघडला. साबुदाण्याची खिचडी होती. एकच चमचा सगळ्यांच्यात फिरला.

मी बघत राहिले. माझं काही चुकतच नव्हतं. मी दगड होऊन उभी राहिले असते तरी पट्टा मिळाला नसता. तो मला द्यायचाच नव्हता. मला पोरी येड्यात काढत होत्या आणि मी आरशासमोर डोळे ताणत होते.  

"चल गं गोवंडी, तुझंही उरकून घे," शुभदाताई म्हणाली.

"माझं झालंय."

"मी म्हणेन तेव्हा होणार."

"मेधा दचकली, रडली. मी कधी रडले नाही. माझं झालंय. पट्टा दे."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "बांधायचा म्हणजे हिला हात लावायला लागेल ना." यावर कुणी हसलं नाही. शुभदाताईने मान खाली घातली आणि डब्याचं झाकण लावलं.

बँडचे सर तसे प्रेमळ होते. मी त्यांना सांगायला गेले तर म्हणाले, "मुलींची गंमत असते. मनाला लावून घेऊ नये. शुभदाला उलट बोललीस ना, सॉरी म्हण. सव्वीसला तुला घेतो."

त्या दिवशी घरी सगळं सांगितलं. बाबा जेवत होते. हातातला घास तसाच राहिला. आईने त्यांच्या ताटात भाजी वाढली. मग म्हणाली, "म्हणून टाक ना सॉरी. अंगाला काय भोकं पडतात? गल्ली येणार आहे बघायला."

मला शुभदाताईपेक्षा आईचा राग आला. ती जन्मभर असंच पडतं घेत आली होती. त्याच्यावरच आमचं घर चाललं होतं, हेही मला कळत होतं. तरी मी नाही म्हटलं.

सव्वीस जानेवारीला मी वर्गाच्या रांगेत उभी होते, साध्या गणवेशात. आई दोन शेजारणींना घेऊन भिंतीपाशी उभी होती. त्यांना तिने काहीच सांगितलं नव्हतं. त्या बँडमध्ये मला शोधत होत्या. शेवटी आईने हात करून दाखवलं, "ती बघा, तिकडे उभी आहे." एवढंच म्हणाली. बँड माझ्या समोरून गेला. मेधाची पावलं चुकत होती.

झेंडावंदन झाल्यावर सर आले. बरोबर शुभदाताई. "अजून वेळ गेलेली नाही," सर म्हणाले. "एक सॉरी म्हण. पुढच्या वर्षी तुझी जागा पक्की."

"सॉरी हिने म्हणायचं," मी म्हणाले. "आत्ता. माझ्या आईसमोर."

आई तिथेच होती. तिने माझा दंड धरला, पण मला मागे ओढलं नाही. शुभदाताई सरांकडे बघत राहिली. सर घड्याळाकडे.

सॉरी आलंच नाही. शाळा संपेपर्यंत मी बँडच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. आता माझे केस पिकलेत, आई नाही. अधूनमधून कुणी भेटतं, म्हणतं, जाऊ दे गं, लहान होतो सगळ्या. मी जाऊ देत नाही. सॉरी तिनेच म्हणायचंय.