करंगळी बाहेर

इंदुताईंनी माझा चेहरा नीट पाहिला तो ओळख होऊन वर्ष उलटल्यावर. तोवर त्या माझ्या पायांशीच बोलत. आर्वीच्या एसटी स्टँडसमोर त्यांचं चपलांचं दुकान होतं आणि मी कॉलेजात नुकताच रुजू झालो होतो. पहिल्या दिवशी मी उंबऱ्यात असतानाच त्यांनी निकाल दिला, "कॉलेजातले नवे सर ना? आठ नंबर. उजवा पाय जरासा मोठा. अन् टाच घासत चालता तुमी. शिकवता बी असंच काय?" मी शिकवायचोही तसाच, पण हे कॉलेजला कळायला बरीच वर्षं लागली.

नवरा लवकर गेल्यावर दुकान त्यांनी एकटीनं चालवलं. गिऱ्हाइकासमोर खाली बसून स्वतःच्या हातानं चप्पल घालून द्यायची, हा त्यांचा नेम. त्यामुळे गाव त्यांना पायांनी ठाऊक. "तोंड काय, आरशात पाहून तयार करून आनते मानूस," त्या म्हणत. "पायाले कोन पाह्यते?"

साठी उलटल्यावर दुकान मुलाकडे देऊन त्या मोकळ्या झाल्या. त्या उन्हाळ्यात नातीला वर्ध्याच्या एका मातीकामाच्या शिबिरात घातलं. नात तिसऱ्या दिवशी कंटाळली, आजी राहिली. शिकवणाऱ्यानं सांगितलं, चेहऱ्यापासून सुरुवात करा. "चेहरा मले कोनाचाच येत नाई, बाप्पा," असं म्हणून इंदुताईंनी पाय घडवला. तो माझा होता. मला विचारलंही नव्हतं. घासलेली टाच मात्र हुबेहूब.

मग अंगणात मातीचे ढीग आले आणि कुंभाराच्या भट्टीतून अर्ध्या गावाचे पाय भाजून निघू लागले. मुलानं हौसेनं प्रदर्शन भरवलं. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी आपल्या परंपरेतलं चरणांचं माहात्म्य पाऊण तास सांगितलं. इंदुताई मान खाली घालून ऐकत होत्या; मला वाटलं, भारावल्या. त्या कुजबुजल्या, "सायबाचा बूट एक नंबर लहान हाय. म्हनून घाम फुटून राह्यला." दुपारपर्यंत लोक त्या पायांना हळदकुंकू वाहू लागले. मातीचे पाय मांडलेत म्हणजे ते कुण्या संताचेच असणार. संध्याकाळी सर्वांत जास्त फुलं माझ्या पायांवर होती. "पूजले बरं सर तुमचे पाय," इंदुताई म्हणाल्या, "आता तरी घासून धूत जा."

एक जोडी मात्र तिथं नव्हती, आणि त्यांना तीच हवी होती. आईची. आई जवळच्या खेड्यात राहायची, जन्मभर अनवाणी. लेक अख्ख्या गावाला चपला घालणार आणि आई बाजाराला अनवाणी येणार, यावरून लोक टोमणे मारत. दर दिवाळीला इंदुताई नवा जोड नेत. आई दोन पावलं चालून तो काढून ठेवी. "बोचते वं बाई." एका दिवाळीला इंदुताई चिडल्या. आईनं विचारलं, "तुले लाज वाटते का माही?" इंदुताई म्हणाल्या, "हो, वाटते." संक्रांतीच्या आत आई गेली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, माती मळता मळता, मान वर न करता.

घरातल्या एकुलत्या एका फोटोत आई कमरेपर्यंतच होती. आठवून घडवायला बसलं की बोटं शहाण्यासारखी एकमेकांना चिकटून येत. "हे दुकानातले पाय हायेत," म्हणत त्या मोडून टाकत. दोन वर्षं हेच चाललं.

मग सीताफळाच्या दिवसांत, स्टँडवर, डोंगराकडून फळं विकायला आलेल्या एका म्हातारीपुढं आम्ही थांबलो. मी फळं दाबून पाहत होतो. इंदुताई खाली बसल्या, दुकानात बसत तशाच.

"काऊन पाहून राह्यली वं माह्या पायाकडे?"

"माह्या मायचे असेच होते."

"सगळ्यायचेच असे राह्यतात. चप्पल नाई घातली का बोटं पसरतात."

महिनाभरानं त्यांनी मला दुकानात बोलावलं. मुलाला जेवायला पाठवलं होतं. जमिनीवर बायकांच्या चपलांचे सगळे जोड मांडलेले, आणि मधोमध मातीचे दोन रुंद, भेगाळलेले, बोटं फाकलेले पाय. त्या एकेका चपलेवर तो मातीचा पाय ठेवून पाहत होत्या. "पाहा. करंगळी बाहेर. हे पाहा, हिच्यातून बी बाहेर." हा आठवणीतला पाय, पुरावा म्हणून कुठल्या कोर्टात टिकायचा नाही, असं माझ्या मनात आलं.

"खरंच बोचत होती तिले," त्या म्हणाल्या. "म्या अख्ख्या आर्वीचे पाय पाह्यले सर. तिच्यापुढं कधी खाली बसलीच नाई."

त्या मातीच्या पायांवरून त्यांनी एक रुंद जोड शिवून घेतला आणि पुढच्या मोसमात सीताफळवाल्या म्हातारीला नेऊन दिला. त्याच्या पुढच्या वर्षी म्हातारी पुन्हा अनवाणी. "ठिवल्या वं. इतक्या नव्या, चिखलात घालू काय?" आता या चिडणार, असं मला वाटलं. इंदुताई तिच्यापुढं बसल्या आणि पदरानं तिच्या पायांवरची धूळ पुसत राहिल्या.

मागच्या उन्हाळ्यात इंदुताई गेल्या. मुलानं माझे मातीचे पाय मला आणून दिले. त्याच्या आजीचे, इंदुताईंच्या आईचे, त्यानं दुकानात ठेवले. यंदा सीताफळं आली तेव्हा मी एकटाच स्टँडवर गेलो. म्हातारी दिसली, आणि माझ्या लक्षात आलं की मी तिच्या चेहऱ्याआधी पायांकडे पाहतो आहे.

"चपलावाली बाई नाई आली?"

मी सांगितलं. तिनं माझ्या पिशवीत दोन सीताफळं जास्तीची टाकली, आणि मग हळूच अनवाणी पाय लुगड्याखाली ओढून घेतले.