करंजाखालची गळती

आमचे हे गेले तेव्हापासून मी देवाशी बोलणं सोडलं होतं. तसं कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळचा दिवा लावणं बंद केलं, सोमवार सोडले, एवढंच. वसमतला आमची पिठाची गिरणी आहे. संक्रांतीच्या आधी एका सकाळी ते गिरणीतच कोसळले. नांदेडला नेलं. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी औंढ्याच्या नागनाथापुढं मनातल्या मनात पदर पसरला, नवस बोलले, शेवटी तर भांडलेसुद्धा. ते घरी आले नाहीत. भेटायला येणारी माणसं म्हणायची, त्याची इच्छा. ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि गंमत म्हणजे मला रडू येत नव्हतं. बायका गळ्यात पडून रडायच्या आणि मी त्यांना पाणी आणून द्यायची. रात्र रात्र डोळा लागत नसे. आपण आतून वाळत चाललो आहोत, हे मला कळत होतं. त्यावर करायचं काय, ते कळत नव्हतं.

वैशाख लागला तसं आईनं मला बोलावून घेतलं. गिरणी मुलानं हातात घेतली होती, तेव्हा अडायचं काही नव्हतं. माझं माहेर सिद्धेश्वर धरणाच्या काठाला आहे. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकत जातं आणि उघड्या पडलेल्या गाळात लोक काकड्या, टरबुजं लावतात. काठावर एक जुनं करंजाचं झाड आहे. सगळं रान करपून गेलेलं असताना करंज मात्र वैशाखात कोवळ्या पालवीनं भरून येतो. त्याच्याखाली उघड्यावर महादेवाची पिंड आहे. उन्हाळाभर तिच्यावर गळती लावतात. तळाला छिद्र पाडून त्यात सुताची वात घातलेलं मडकं तिपाईला टांगायचं, म्हणजे थेंब थेंब पाणी पिंडीवर पडत राहतं. गावातल्या घरांनी आपापले दिवस वाटून घेतलेले असतात. पाणी धरणाचंच लागतं, नळाचं चालत नाही, आणि दिवस मावळेपर्यंत थेंब तुटू द्यायचा नसतो.

मी गेले आणि नेमका आमच्या घराचा नंबर लागला. भाऊ-वहिनी शेतातली हळद शिजवण्या-वाळवण्यात बुडालेले, आईचे गुडघे धरलेले. मी सरळ सांगितलं की मला त्याच्या दारात पाठवू नका. आईनं समजूत घातली नाही की रागावलीही नाही. शेंगा फोडता फोडता म्हणाली, "नको बोलू त्याच्याशी. पाणी तर घाल. ऊन त्यालाबी लागून राहिलं."

मी घागर उचलली आणि निघाले. पण मनाशी ठरवलं की पाणी घालायचं ते आईसाठी. हात जोडायचे नाहीत.

आणि मी तसंच केलं. सकाळी जायची, मडकं भरायची, पाठ फिरवून बसायची. मडकं अर्ध्यावर आलं की पुन्हा पाण्याला जायची. नवस न करता, मागणं न मागता मी एवढा वेळ देवाजवळ कधीच बसले नव्हते. समोर नुसती उन्हानं पांढरी झालेली धरणाची माती, पलीकडे पाण्याची रेघ, त्यावर बगळे. करंजाच्या शेंड्यात वारा शिरला की झाडाचा आवाज पाण्यासारखा यायचा. पिंडीवरून ओघळलेलं पाणी दगडी पन्हळीतून बाहेरच्या खळग्यात जमायचं. तिथं होले यायचे, खारी यायच्या, कधी एखादी चुकार शेळी. मला त्यांच्याकडं बघत राहावंसं वाटायचं. देवावरचा राग होता तसाच होता, पण तो खळगा मला आवडायला लागला होता.

त्या दिवशी ऊन फारच होतं. पाणी रोज थोडं थोडं मागं जात होतं, आणि नेहमीची वाट टरबुजाच्या वाफ्यांना वळसा घालून लांबून जायची. गाळावर मेंढरांच्या खुरांची ताजी वाट दिसली, नीट पाण्याकडं गेलेली. मी या काठावर लहानाची मोठी झालेली. मला वाटलं, एवढा कळप गेला म्हणजे जमीन घट्ट असणार. मेंढराचं वजन ते काय आणि डोक्यावर घागर घेतलेल्या बाईचं ते काय, हे डोक्यात आलंच नाही. जाताना घागर रिकामी होती, काही झालं नाही. येताना मात्र भरल्या घागरीच्या वजनानं वरची वाळकी खपली फुटली आणि मी गुडघ्याच्या वर गाळात गेले. घागर कलंडली, पाणी सांडलं. एक पाय उपसायला गेले तर दुसरा आणखी खाली गेला.

आधी मला स्वतःचाच राग आला. मग हाका मारल्या. वाफ्यात त्या वेळी कुणी नव्हतं, भर दुपारी कोण असणार? नाकातोंडात गाळ जाईल अशी ती जागा नव्हती, पण त्या उन्हात माणूस फार वेळ तग धरत नाही. डोक्यात घण पडायला लागले, जीभ टाळ्याला चिकटली. मी कमरेतून जोर लावत राहिले आणि मांडीपर्यंत रुतले. काठ समोर दिसत होता, करंज दिसत होता, त्याच्याखालचं मडकंही. महादेवाला हाक मारावी असं ओठावर आलं आणि मी ती गिळली. एवढी मी हट्टी.

डोळे मिटून मान खाली घातली. किती वेळ गेला कोण जाणे, मग आवाज आला, "आडव्या व्हा बाई."

डोक्यावरून पदर घट्ट बांधलेली एक मेंढपाळ बाई काठाकडून येत होती, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. खुरांच्या वाटेनं न येता ती काठीनं चाचपत बाजूबाजूनं येत होती. माझ्यापासून थोड्या अंतरावर थांबून तिनं घोंगडी माझ्यापुढं अंथरली.

"पोटावर पडा. उभं राहून जोर कराल तितकं आत जाताल. गाळाशी भांडू नगा, अंग सोडा."

मी म्हटलं, भीती वाटते. ती म्हणाली, पडल्यावर आणखी कुठं पडणार आहात? मी अंग सोडलं. घोंगडीवर छाती टेकली, दोन्ही हात पुढं पसरले, कपाळ खाली गेलं. तिनं काठी माझ्या हातात दिली आणि हळूहळू ओढायला लागली. गाळानं एक पाय सोडला, मग दुसरा. तशीच सरपटत मी पुढं गेले. एका क्षणी मान वर केली तर समोर नीट करंज होता आणि त्याच्याखाली पिंड. आयुष्यात मी पुष्कळ नमस्कार केले, पण असा पूर्ण लोटांगणाचा कधी केला नव्हता. तोही मी केला नव्हता, माझ्याकडून घडला होता.

तिनं मला धरून सावलीत आणलं. तिची मेंढरं खळग्याभोवती दाटीनं बसली होती आणि मडक्यातून थेंब पडत होता. मी म्हटलं, बरं झालं, थेंब तुटला नाही. तिनं नाही म्हणून मान हलवली. थेंब तुटला होता. मेंढरं पाण्यासाठी त्या खळग्यावर आली आणि तो कोरडा बघून ओरडायला लागली. तिनं बघितलं तर मडकं रिकामं. जवळचं प्यायचं पाणी तिनं त्यात ओतलं आणि आज कुणाचे दिवस आहेत, बाई कुठं राहिली, म्हणून कपाळावर हात धरून धरणाकडं पाहिलं.

"मडकं भरलेलं असतं तर मी कशाला उठले असते?" ती म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

मी मात्र तिथंच रडायला लागले. हे गेल्यापासून पहिल्यांदा. पिंडीच्या कट्ट्याला कपाळ लावून मी ढसाढसा रडले, यांचं नाव घेऊन रडले, महादेवाला नाही नाही ते बोलले. ती बाई माझ्या पायावरचा गाळ ओल्या फडक्यानं पुसत राहिली. गप्प बसा म्हणाली नाही. रडून झाल्यावर मी सावलीत आडवी झाले आणि मेंढरांच्या वासात, त्या हिरव्या झाडाखाली, मला गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. बाई जवळच बसून होती. माझी घागर तिनं आणून ठेवली होती आणि मडकं काठोकाठ भरलेलं होतं. ती हट्टा गावाकडची. दुसऱ्या दिवशी त्यांचा कळप खतासाठी कुणाच्या तरी रानात बसायला पुढं गेला.

घरी आल्यावर आईनं माझे गाळानं भरलेले कपडे बघितले. मी घडलं ते सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बोलली का मंग त्याच्याशी?"

"भांडले," मी म्हटलं.

"ते बी बोलणंच हाय," आई म्हणाली आणि तांब्याभर ताक पुढं केलं.

हा चमत्कार होता असं मी कुणाला पटवत बसत नाही. मेंढरं तहानली होती, एवढंही पुरेसं आहे. पण त्याला रोज पाणी मी घालते, असं मी समजत होते, आणि माझ्या हातून घालायच्या राहिलेल्या पाण्यानंच माझी हाक पोहोचवली. आमचे हे परत आलेले नाहीत. गिरणीत गेले की ती जागा अजूनही रिकामी दिसते आणि छातीत कळ येते. तेव्हा मी जोर करत नाही. घरी देवापुढं पाटावर बसते, अंग सोडते आणि जे असेल ते त्याला सांगते. मग दिवा लावते.