बिळाला दिलेलं नाव

आमची ही संग्रहालयात दगडातली बिळं ओळखते. प्राणी नव्हे हं, नुसती बिळं. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी चिखलात कुठलासा किडा घुसला, मेला. चिखलाचा दगड झाला आणि बीळ तेवढं राहिलं. शास्त्रात नाव मिळतं ते बिळाला. आत कोण होतं ते बहुतेक वेळा कळतच नाही. मी तिला चिडवायचो, "भाडेकरू केव्हाच पळाला, आणि तुम्ही खोलीचं बारसं करताय!"

मग आमचा मुलगा गेला. बाविसाव्या वर्षी, साध्या तापाने. ही वर्षभर घरात जेमतेम बोलत होती. त्यानंतर तिला एक वळणदार बीळ सापडलं, कडेला बारीक रेघा असलेलं, कुणीच न नोंदवलेलं. तिने पोराच्या नावाला लॅटिन शेपूट लावलं आणि ते नाव त्या बिळाला दिलं. छापूनही आलं. मी पाट्या रंगवणारा. तो दगड ठेवलेल्या ड्रॉवरवरची चिठ्ठी मीच लिहिली. उभ्या जन्मात इतकं सुबक अक्षर काढलं नव्हतं.

परवा ती घरी आली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली.

"आज तो दगड उभा कापला," ती म्हणाली. "आपण त्याला आडवाच पाहत होतो. उभा कापल्यावर कळलं, हे जुनंच बीळ आहे. त्याला आधीच नाव आहे. एकाच बिळाला दोन नावं झाली की जुनं ठेवायचं, नवं खोडायचं."

"कुणी पाहिलं?"

"मीच."

"मग गप्प बस ना! कुणाच्या बापाचं काय जातंय?"

ती वाकून चपला काढायला लागली. माझं डोकं फिरलं. "एकदा गेला ते पुरे नाही झालं? आता तूच खोडतेस त्याला?"

बोलून गेलो आणि जीभ हासडावीशी वाटली. पण ती रडली नाही.

"आज ना उद्या कुणीतरी खोडणारच," ती म्हणाली. "कुणी परक्याने हसत हसत खोडावं, त्यापेक्षा मी खोडते. आई आहे मी त्याची."



नाव खोडल्याचा लेख तिने पाठवला. आज मला चिठ्ठी बदलायला नेलं. मी नवी चिठ्ठी लिहिली. कुण्या परक्याने दिलेलं, जिभेवर न बसणारं नाव. जुनी काढायला सुरी घातली, तर ती सुटेना. गोंद मीच सढळ हाताने लावला होता.

"राहू द्या," ती म्हणाली. "वरूनच लावा."

वरूनच लावली आणि अंगठ्याने दाबत उभा राहिलो.

"अहो, चिकटली ती आता."

माझा अंगठा काही उचलेना.