आत्याच्या हाताला येईल तिथं

मधल्या सुट्टीत डबे उघडले की आमच्या स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, त्या अलार्मचं सांगा ना!" नवीन कोणी बदलून आलं असेल तर हमखास. मी एक किस्सा सांगितला की शेख सरांना दुसरा आठवतो, हेडसर माझाच तिसरा दुरुस्त करून सांगतात, आणि तेवढ्यात घंटा होते. शेवट कोणालाच धड ऐकायला मिळालेला नाही. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते.

पालमच्या घरात आम्ही दोघीच. मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. आमचे हे रेल्वेत, पंधरा दिवसांतून एकदा घरी. मुलगा पुण्यात. आमच्या गल्लीत भरदुपारी एका घराचं कुलूप तुटलं आणि मुलानं फोनवरूनच अलार्म ठरवून टाकला. परभणीहून एक मेकॅनिक आला, मी शाळेत असताना बसवून गेला.

मेकॅनिक सहा फूट उंच. त्यात त्याची वायर संपली. ती जिथं संपली तिथं त्यानं कीपॅड ठोकला, म्हणजे दाराच्या चौकटीच्या वर! दार उघडल्यावर तीस सेकंदांत त्या कीपॅडवर चार आकडे दाबायचे. नाही दाबले तर छतावरचा भोंगा सुरू. मी टाचा उंचावून कशीबशी पोचायचे. आत्यांची पाठ वाकलेली. त्यांना तो नुसता दिसायचा.

* * *

पहिल्याच आठवड्यात आत्या विहारातून घरी आल्या. दार उघडलं. स्टूल ओढलं, त्यावर चढल्या, आणि मग ध्यानात आलं की चष्मा पिशवीत आणि पिशवी खाली.

भोंगा सुरू झाला!

सगळी गल्ली धावली. कोणाच्या हातात क्रिकेटची बॅट, कोणाच्या हातात मुसळ. शेजारच्या सुमनबाई सगळ्यात पुढं. "चोर कुठंय? कुठं गेला चोर?"

आत्या स्टुलावर दोन्ही हात वर करून उभ्या. "आगं मीच हाय! घर बी माजंच हाय!"

* * *

मग आत्यांनी त्यावर उपाय काढला. लाटणं! दारामागं खिळ्याला एक लाटणं टांगून ठेवलं. आत आलं की लाटण्याच्या टोकानं आकडे दाबायचे.

दोन दिवस जमलं. तिसऱ्या दिवशी एकदम दोन-दोन बटणं दाबली गेली, सारखा चुकीचा नंबर गेला आणि कीपॅडनं संपच पुकारला. मी शाळेतून आले तर आत्या बाहेर ओट्यावर, लाटणं मांडीवर, आत भोंगा चालू.

"आत्या, काय झालं?"

"मला काय इचारती? त्याला इचार. लय गर्मी हाय त्याला."

हसत हसतच मी भोंगा बंद केला. पण आत गेल्यावर आत्या हळूच म्हणाल्या, "मी आता बाहीरच जात न्हाई. कशाला सगळ्यांना तरास?" आणि खरंच, तीन दिवस त्या विहारातही गेल्या नाहीत. जी बाई एक संध्याकाळ चुकवत नाही, ती दार लावून घरात बसलेली! तेव्हा मी ठरवलं की हा कीपॅड खाली आणायचाच.

* * *

मेकॅनिकला फोन केला की एकच उत्तर. "मॅडम, सोनपेठला हाय. उद्या येतो." पुढच्या आठवड्यात फोन, "सोनपेठला हाय." महिन्यानंतरही सोनपेठला! मला वाटलं, अख्ख्या सोनपेठला ह्यानंच अलार्म बसवले असणार.

एकदा परभणीला ट्रेनिंग होतं. परत येताना एस्टीत बसले आणि सवयीनं त्याला फोन लावला. रिंग माझ्या मागच्याच सीटवर वाजली.

मी त्याला कधी बघितलेलं नव्हतं, त्यानं मला नव्हतं. फोन उचलून तो मोठ्यानं म्हणाला, "बोला मॅडम! सोनपेठला हाय."

मी मागं वळले. "असं का? ही गाडी तर पालमला चालली. कंडक्टरला सांगून थांबवू का?"

बिचारा पाणी पाणी झाला. पालमला त्याची सासुरवाडी होती. सासऱ्यांसाठी नेलेली मिठाई माझ्यापुढं धरली आणि खरं ते सांगून टाकलं. "मॅडम, एकटाच हाय मी. कामं लय झाली, न्हाई म्हणायला जमंना. पण तुमचं काम सोपं हाय. तुमीच करा, मी सांगतो."

आणि सांगितलं हो! पालम येईपर्यंत माझ्या ट्रेनिंगच्या वहीत सगळं काढून दिलं. आधी मेन बंद. मग अलार्मच्या डब्यातली बॅटरी काढायची. मग कीपॅडचं झाकण. वायर किती आणायची, जोड कुठं द्यायचा, सगळं. ट्रेनिंगमध्ये दिवसभर बसून त्या वहीत मी एवढं काही लिहिलं नव्हतं.

* * *

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "मी स्वतः करणार." विज्ञानाचे शेख सर उठलेच. "मॅडम, फिकर करू नका. ड्रिल मशीन माझी. पण आधी प्रॅक्टिस."

प्रॅक्टिस कुठं करणार? स्टाफरूमच्या भिंतीवर. सर म्हणाले, "दाबा! अजून दाबा! घाबरायचं न्हाई!" मी आपली दाबतेय. एकदम मशीन मुठीपर्यंत आत गेली.

पलीकडं हेडसरांचं ऑफिस. मधली भिंत एका विटेची, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. पलीकडं त्या जागी परभणी जिल्ह्याचा नकाशा टांगलेला.

मग हेडसरांचा आवाज आला, "शेख सर, पालम गेलं!"

आम्ही धावलो. नेमकं पालमच्या नावावर भोक. आता मेमो, असं मला वाटलं. हेडसरांनी चष्मा काढून ते भोक नीट बघितलं, बोटानं चाचपलं आणि म्हणाले, "भोक सरळ आहे. मॅडमला जमेल."

* * *

रविवारी सकाळी कामाला लागले. मेन बंद केलं. वहीत दोन नंबरला लिहिलेली बॅटरी मात्र विसरले. झाकण उघडल्याबरोबर भोंगा!

घाबरून मी दिसेल ती वायर ओढली. चारही वायरी हातात आल्या, भोंगा चालूच. आत्या कानावर हात ठेवून ओरडतात, "बॅटरी! बॅटरी!" शेवटी बॅटरी काढली तेव्हा गप्प झाला.

तोपर्यंत दोन मिनिटं गेली असतील. गल्लीतलं एक माणूस आलं नाही. सवय झालेली! भिंतीपलीकडून सुमनबाईंचा आवाज तेवढा आला, "मॅडम, झालं का काम?"

काम कुठलं? चार वायरी हातात, आणि कोणती कुठं होती ते माहीत नाही. मेकॅनिकला फोन लावला. मागं बाजाराचा कालवा, मेथीची जुडी ओरडून विकणारी बाई.

"मॅडम, आईशपथ, आज खरंच सोनपेठला हाय!"

"ते राहू द्या. वायरींचे रंग सांगा."

"फोटो काढलाता का?"

"नाही."

तो म्हणाला, "मॅडम, कोणत्या घरी कसे रंग लावले, मला आठवत न्हाई. लाल-काळं उलटं झालं तर कीपॅड जळंल. हात नका लावू."

मी मटकन खाली बसले. वाटलं, आपण कशाला ह्यात पडलो? आत्या शेजारी येऊन बसल्या. माझ्या हातातल्या वायरी एकेक सोडवल्या आणि म्हणाल्या, "वर लाल व्हती. तिच्याखाली काळी. मग पिवळी, आन् मग हिरवी."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तो मानूस लावायलता तवा मी हितंच बसलेते ना. जल्मभर वाकळी शिवल्या बाई, रंगापुढं रंग माज्या ध्यानात राहतो."

तो फोनवर ऐकतच होता. एकदम ओरडला, "आज्जी, बरोबर! तसंच लावत असतो मी!" आणि नवा जोड देऊन कीपॅडवर हिरवा दिवा लागेपर्यंत त्यानं फोन ठेवला नाही. भर बाजारात उभा राहून माझी एकेक वायर ऐकत होता.

जागा ठरवायला आत्यांना भिंतीला उभं केलं. म्हटलं, "आरामात हात जाईल तिथं ठेवा." त्यांनी हात ठेवला, मी पेन्सिलनं खूण केली. त्या संध्याकाळी त्या विहारात गेल्या. परत आल्या, दार उघडलं, चार आकडे दाबले आणि चपला काढायच्या आधी माझ्याकडं बघून नुसतं हसल्या. माझ्या नोकरीत मला बक्षिसं मिळालीत, पण असं नाही.

* * *

पुढं हेडसर चहाला आले. हौस म्हणून म्हणाले, "बघू तुमचं काम." कीपॅड इतका खाली की त्यांना कमरेत वाकावं लागलं. आमचे हेडसर शिक्षणाधिकाऱ्यापुढंसुद्धा वाकलेले कोणी बघितले नाहीत. नेमक्या तेव्हाच आत्या समोर चहा घेऊन उभ्या.

आत्या गडबडल्या. "सर, पाया नका पडू, मी साधी बाई हाय!"

* * *

आता शेवटचं सांगते.

मागच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. मी शाळेत, पाचवा तास चालू. घरी आत्यांनी फरशी पुसली आणि दाराजवळच त्यांचा पाय घसरला. डावा पाय मोडला. उठता येईना. आवाज दिला, पण दुपारी सगळ्यांचे कूलर चालू, कोणाला ऐकू जाणार? सरकत सरकत भिंतीला टेकल्या, हात वर केला आणि कीपॅडचं लाल बटण दाबलं. घरात चोर असेल तेव्हा दाबायचं ते.

कीपॅड जुन्या जागी असता तर? हा विचार मी अजून पूर्ण केलेला नाही.

भोंगा वाजायला लागला. एरवी दोन मिनिटांत बंद होतो. आज होईना, तसं सुमनबाईंनी चपलाही घातल्या नाहीत, पळत आल्या. मागून गल्ली. कोणी पाण्याला धावलं, कोणी जीपवाल्याला फोन लावला. पण भोंग्यात फोनवरचं अक्षर ऐकू येईना. जीपवाला विचारतोय, "कुठं येऊ? कुठं?"

सुमनबाई ओरडल्या, "आज्जी, हे बंद कसं करायचं?"

आत्यांचा हात आता वर जाईना. त्यांनी जमिनीवरून, होता नव्हता तेवढा जीव एकवटून, चारही आकडे ओरडून सांगितले. एकदा कळलं नाही म्हणून दुसऱ्यांदा. मग दारातल्या माणसांनी मागच्यांना सांगितले, मागच्यांनी खिडकीतून परत आत सांगितले. सुमनबाईंनी दाबले. भोंगा बंद झाला, जीप आली. मी परभणीच्या दवाखान्यात पोचले तेव्हा आत्यांच्या उशाशी आमची अर्धी गल्ली उभी होती.

आत्या घरी आल्या त्या दिवशी मुलाचा फोन आला. "आई, अख्ख्या गल्लीला कोड माहीत झालाय! आजच्या आज बदल!"

मी हो म्हणाले. शेख सर भेटायला आलेलेच होते, ते कीपॅडपाशी गेले. "बोला मॅडम, नवीन काय ठेवायचा?"

आत्या खाटेवरून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या सर. परत पडले, तर नवा नंबर समद्यांला पाठ कवा व्हायचा?"