आधी चूक, मग घास

नेल्सनकाकांच्या घरी चूक सांगितल्याशिवाय जेवायला मिळत नसे. दर शनिवारी त्यांचा बँड तळघरात रिहर्सल करायचा आणि दुपारी वर येऊन काळ्या राजम्याच्या पातेल्याभोवती बसायचा. प्रत्येकाने शेजारच्याची आजची एक चूक तोंडावर सांगायची, मगच पहिला घास. ब्राझीलहून अमेरिकेत आलेली ही पाच माणसं चाळीस वर्षं एकत्र जॅझ फ्यूजन वाजवत होती. बँड टिकला कसा, असं विचारलं की काका आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणायचे, "पोटात राग आणि भात एकत्र मावत नाहीत."

काका पांदेइरो वाजवत, म्हणजे आपल्या खंजिरीची थोरली बहीण. ॲन आर्बर गावात आमची भिंतीला भिंत. पहिल्याच आठवड्यात मी आवाजाची तक्रार करायला गेले आणि जेवूनच परत आले. तेव्हापासून ते आमचे काका.

गेल्या वर्षी एकदा ते दारात उभे, उजवा हात खिशात. "मंजिरी, तू सॉफ्टवेअर टेस्टर ना? शनिवारी ये. तीन महिने माझी चूक कुणी सांगितलेली नाही, नुसतं 'छान झालं' म्हणतात आणि जेवतात. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं."

मी गेले. तिसऱ्या गाण्यात त्यांचा हात थरथरला आणि ताल सुटला. पियानोवर बसलेल्या मार्ताबाईंनी घाईघाईने जोरात वाजवून ते झाकलं. वर आल्यावर काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुण्याची, तोंडावर बोलण्यात आमचा हात कोण धरणार! पण मेली जीभच उचलेना. म्हटलं, "छान झालं, काका."

त्यांनी डाव पातेल्यात ठेवून दिला. "खोटं पाहुण्याला सांगतात. तुम्ही सगळ्यांनी मला पाहुणा केलंत," म्हणाले, आणि न जेवता उठले.

घरी नवरा म्हणाला, "यार, ऑफिसात दिवसाला वीस बग काढतेस, आणि इथे एक सांगता आला नाही?" आठवडाभर मला घास गोड लागला नाही.

पुढच्या शनिवारी वाढायच्या आत मी बोलून टाकलं, "काका, तुमचा ताल सुटतोय. मार्ताबाई झाकतात." मार्ताबाई रडायलाच लागल्या. मलाही रडू आवरेना. काकांनी मात्र मोठा सुस्कारा सोडला. "मिळाली माझी चूक एकदाची!" म्हणत पहिलं ताट माझ्यापुढे ठेवलं. त्या दिवसापासून त्यांनी वाजवणं सोडलं. पण शनिवारी जिन्याच्या पायरीवर बसून बाकीच्यांच्या चुका काढायचे, आणि तेही अगदी खुशीत.

या हिवाळ्यात काका गेले.

परवा बँड त्यांच्याच घरी जमला. राजमा मार्ताबाईंनी केला होता. वाजवलं कुणी नव्हतंच, मग चूक कसली सांगणार? ताटाला कुणी हात लावेना. शेवटी मी नियम मोडून चमचाभर राजमा चाखला.

"मार्ताबाई, मीठ कमी पडलंय."

त्यांनी डोळे पुसले, उठून मीठ आणलं, आणि आम्ही जेवलो.